बेशुद्ध माणसाची जबानी

मराठीत बेशुद्धीसाठी शब्दांची कमी नाही. घेरी, भोवळ, गुंगी, ग्लानी, मूर्च्छा, भूल. आमच्या घरी अम्मी ‘गशी आली’ म्हणायची, अब्बा ‘बेहोश’ म्हणायचे. गावाकडं ‘निपचित पडलाय’, ‘शुद्ध हरपली’, ‘डोळे पांढरे केले’ असं काहीही म्हणतात. यातला प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात वेगळं चित्र उभं करतो. भोवळ म्हटलं की वाटतं, पाणी मारलं की उठेल. गुंगी म्हटलं की वाटतं, झोपू द्या थोडं. आणि ‘अंगात आलं’ म्हटलं, की दवाखान्याचा विचारच मागं पडतो. म्हणजे माणूस एकच, अवस्था एकच. पण आपण तिला कोणतं नाव देतो यावर त्याचे पुढचे चार तास ठरतात. कधी कधी सगळं आयुष्यच ठरतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात बरीच वर्षं शिक्षक होतो. डॉक्टर नाही, नर्स नाही. तरी दवाखान्याच्या वाऱ्या खूप झाल्या. कारण साधं होतं. गावात कुणाला न्यायचं झालं, की लोक म्हणायचे, ‘गुरुजीले संग घ्या, ते बोलतात.’ डॉक्टरांपुढं बोलणारा एक माणूस लागायचा आणि ते काम माझ्या वाट्याला यायचं. त्या वाऱ्यांतून जे कळलं ते इथं लिहितोय. वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नका. रुग्णासोबत जाणाऱ्या माणसाचे अनुभव म्हणून वाचा. कारण आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकावर ती वेळ येते.

मुलचेऱ्याची एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. हा लहानसा, जंगलानं वेढलेला तालुका. पण भाषा किती! माडिया आणि गोंड लोकांची गावं आहेत. झाडीकडची मराठी बोलणारे आहेत. अहेरीच्या बाजूनं आलेली तेलुगू आहे. आणि सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम अशा नावांची बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं या जंगलात वसवलं, त्यांची ही गावं. त्यांनी तळी खोदली, मासे पाळले, भातशेती केली. त्यांची नातवंडं आता मराठी शाळेत शिकतात. पण घाबरली की आजही बंगालीतच बोलतात.

एकदा एक बंगाली म्हातारे गृहस्थ धावत आले आणि तुटक्या हिंदीत म्हणाले, ‘लडका अज्ञान हो गया.’ ओसरीवर बसलेल्या एकानं विचारलं, ‘म्हणजे? शाळा सोडली का त्यानं?’ बंगालीत ‘अज्ञान’ म्हणजे बेशुद्ध. मराठीत अज्ञान म्हणजे अडाणीपणा. त्या एका शब्दावर दोन मिनिटं गेली. पुढं हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट झाली, कारण मुलगा वाचला. पण मी विचार करतो, हेच दवाखान्याच्या दारात किती वेळा होत असेल? माडियात बोलणारी आई, तिचं अर्धं समजून मराठीत सांगणारा शेजारी, ते ऐकून इंग्रजीत लिहिणारा डॉक्टर. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो मध्ये पडलेला, ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

शब्दांचा हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही, हे मला पुढं कळलं. मोठमोठ्या शहरांतल्या डॉक्टरांचाही तोच घोळ होता. एक डॉक्टर लिहायचा ‘अर्धवट शुद्धीत’, दुसरा लिहायचा ‘गुंगीत’, तिसरा ‘खोल बेशुद्धीत’. रात्रपाळी बदलली की नव्या माणसाला कळायचं नाही, रुग्ण सुधारतोय की बिघडतोय. शेवटी 1974 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी एक मोजपट्टी काढली. ग्लासगो कोमा स्केल. तिच्यात विशेषणं नाहीत, तीन प्रश्न आहेत. डोळे कशानं उघडतो? काय बोलतो? हातपाय कसे हलवतो? डोळ्यांना जास्तीत जास्त 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. पूर्ण जागा माणूस 15. काहीच प्रतिसाद नसला तरी 3, शून्य नाही. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर बेशुद्धी, कोमा. लहान मुलं बोलून उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर इथं मुलांसाठी वेगळी पट्टी तयार झाली. तीही मलेरियानं बेशुद्ध होऊन येणाऱ्या मुलांसाठीच.

मला या पट्टीतली एक गोष्ट फार आवडते. ती ‘काय झालंय’ असं विचारत नाही. ‘काय दिसतंय’ एवढंच विचारते. आणि दिसतंय ते सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. याचंच सोपं रूप आरोग्यसेवकांना शिकवतात, ते तुम्हीही लक्षात ठेवू शकता. माणूस आपणहून जागा आहे का? नसेल तर हाक मारल्यावर डोळे उघडतो का? नसेल तर चिमटा काढल्यावर, दुखवल्यावर हलतो का? की कशालाच दाद देत नाही? चार पायऱ्या. सकाळी हाकेला ‘ओ’ देत होता आणि दुपारी फक्त चिमट्याला हात ओढतो, एवढं एक वाक्य डॉक्टरला सांगितलं तरी ते पानभर रडगाण्यापेक्षा मोलाचं.

आता मलेरियाबद्दल. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे एकट्या गडचिरोली जिल्ह्यात असतो. पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हे इथं तापाचे महिने. ताप इतका सवयीचा, की कुणी त्याला आजार म्हणत नाही. ‘ताप आला, पडून आहे’ म्हणतात आणि धान कापायला निघून जातात. पण मलेरियाचे प्रकार आहेत आणि त्यातला फाल्सिपेरम हा जीवघेणा. त्याचा जंतू ज्या रक्तपेशीत शिरतो, ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्या अशा तुंबल्या, की माणूस बरळायला लागतो, झटके येतात आणि मग तो उठत नाही. लोक याला ‘डोक्यात मलेरिया चढला’ म्हणतात. शब्द गावठी आहे, पण चुकीचा नाही. मोठ्या माणसात हे व्हायला दोन-चार दिवस लागतात. लहान मुलात कधी कधी सकाळ ते संध्याकाळ एवढाच वेळ असतो.

आमच्या शाळेतला चौथीतला एक माडिया मुलगा. तीन दिवस शाळेत आला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले. दारात उभे राहून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘गुरुजी, पोरगं उठूनच नाही राहिलं.’ आम्ही गेलो तेव्हा मुलगा चटईवर होता, दात घट्ट, डोळे अर्धे उघडे. अंग भट्टीसारखं. पहाटे झटका येऊन गेला होता. आजीनं त्याच्या कपाळाला राख लावली होती. आशाताईनं बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर टाकलं. पंधरा-वीस मिनिटांत दुसरी रेघ उमटली. मलेरिया, फाल्सिपेरम. तोवर जीप आली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, बहुधा नुकताच आलेला. त्यानं मुलाला हात लावायच्या आधी सुईनं बोट टोचून साखर पाहिली. मला तेव्हा कळेना, तापाच्या पोराची साखर कशाला? नंतर त्यानंच सांगितलं. जबर मलेरियात रक्तातली साखर एकदम खाली जाते, लहान मुलात तर फारच. आणि साखर कमी झालेला मेंदूही असाच निपचित पडतो. म्हणजे एकाच वेळी दोन कुलपं लागलेली असतात आणि एक तर लगेच उघडता येतं. त्यानं आधी शिरेतून ग्लुकोज दिलं, मग आर्टेसुनेटचं इंजेक्शन. मग मला चार प्रश्न विचारले. ताप कधीपासून? शेवटचं नीट कधी बोलला? झटका किती वेळ होता, आणि झटक्यानंतर शुद्धीवर आला होता का? आत्तापर्यंत काय काय दिलं?

हे शेवटचे दोन प्रश्न मी वडिलांना विचारले, वडिलांनी आजीला. आजी बराच वेळ विचार करत होती. ती म्हणाली, झटका आला तेव्हा कोंबडा आरवला होता आणि चूल पेटेपर्यंत तो कुणाकडं पाहतच नव्हता. डॉक्टरनं लगेच लिहून घेतलं. झटक्यानंतर थोडा वेळ माणूस ग्लानीत असतोच. पण ती ग्लानी तास उलटूनही उतरली नाही, तर मामला वेगळा. आजीकडं घड्याळ नव्हतं. तिनं कोंबडा आणि चुलीनं वेळ मोजली आणि ती मोजणी उपयोगी पडली. तिसऱ्या दिवशी मुलानं डोळे उघडले. पाणी मागितलं, माडियात. सगळ्यांचं असं होत नाही. मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियात चांगले उपचार मिळूनही शंभरातले दहा-वीस दगावतात आणि वाचलेल्या काही मुलांना पुढं फिट्स किंवा अशक्तपणा राहतो.

हे औषध बदलल्याची गोष्टही सांगायला हवी. पूर्वी अशा रुग्णांना क्विनीन देत. 2005 साली बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या 1461 गंभीर रुग्णांवर अभ्यास झाला. क्विनीन घेतलेल्यांत शंभरातले 22 गेले, आर्टेसुनेट घेतलेल्यांत 15. त्याशिवाय क्विनीननं साखर आणखी खाली जायची भीती असायची. पुढं आफ्रिकेतल्या मुलांतही तेच दिसलं आणि जगभर औषध बदललं. ज्या वनस्पतीतून हे औषध आलं, तिचा शोध चीनच्या तू यूयू या बाईंनी जुनी वैद्यकाची पुस्तकं चाळून लावला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेकडो वर्षांपूर्वीच्या हकिमांचं ज्ञान, चीनमधली प्रयोगशाळा, चार देशांतले रुग्ण आणि मुलचेऱ्याच्या जंगलातलं एक पोर. एका इंजेक्शनच्या बाटलीत एवढं सगळं असतं.

पण बाटलीपर्यंत पोचायला हवं ना. आणि तिथंच आपली गाडी अडते. नद्यानाल्यांना पूर आला की रस्ता बंद. 2014 पासून 108 नंबरची गाडी आहे, पण फोन लागायला टॉवर लागतो. हे सरकारचं काम, त्याबद्दल बोलत राहिलंच पाहिजे. मात्र रस्ता कोरडा असतानाही जो वेळ जातो तो कुठं जातो, हे आपण पाहायला हवं.

तो जातो नावं देण्यात. माडियांच्या पाड्यावर पुजारी येतो. बंगाली गावात ओझा. आणि आपल्या मोहल्ल्यात? आपल्याकडं आमिलबाबा येतात. पोरगी झटके देऊन पडली की ‘जिन्नात’, ‘असर’, ‘किसी की नजर’. तावीज, धूप, पाण्यावर फुंक. मी कुणाच्या श्रद्धेची टिंगल करत नाही. आजारी माणसासाठी दुवा करणं हा आपला दीन आहे आणि तो पोरगा जीपमध्ये असताना मीही सारा रस्ता दुवाच करत होतो. पण दुवा जीपमध्ये बसूनही होते. त्यासाठी गाडी थांबवावी लागत नाही. हजरत पैगंबरांनी (स.) इलाज करा असं सांगितलं, हे आपल्या मशिदींतून जुम्म्याला कितीदा ऐकतो आपण.

नावं देण्यातलं सगळ्यांत घातक नाव कोणतं, सांगू? ‘पिऊन पडलाय.’ गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. मोहाची दारू तरीही मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला एखादा पडलेला दिसला, की लोक नाक मुरडून पुढं जातात. असाच एक मजूर रात्रभर एका ओट्याजवळ पडून होता. तोंडाला वास येत होता हे खरं. पण अंगात ताप होता, तेही खरं. वास सगळ्यांनी घेतला, अंगाला हात कुणी लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला नेलं. तपासणीत मलेरिया निघाला. संध्याकाळी तो गेला. प्यायलेल्या माणसालाही मलेरिया होतो, त्याचंही डोकं फुटतं, त्याचीही साखर उतरते. दारू प्यायल्यानं माणूस या सगळ्यापासून सुटत नाही. आपल्याकडं शराब हराम म्हणून अशा माणसाकडं पाठ फिरवणं सोपं जातं. पण त्याचा गुनाह त्याच्या आणि अल्लाहच्या मधला. रस्त्यावर पडलेला जीव आपल्या सगळ्यांच्या मधला.

आता जी गोष्ट सांगतो ती ऐकून माझी झोप उडाली होती. पावसाळ्याचे दिवस. एका बंगाली घरातली बाई जमिनीवर अंथरुण टाकून झोपलेली. पहाटे पोटात कळ आली. सगळ्यांना वाटलं, रात्रीचं मासळीचं जेवण बाधलं. थोड्या वेळानं तिच्या पापण्या जड झाल्या, मग जीभ. आठ वाजेपर्यंत ती पडली ती पडलीच. डोळे मिटलेले, हाक नाही, हालचाल नाही, श्वास तुटक. अंगावर सूज नाही, जखम नाही. दवाखान्यात डॉक्टरनं पापण्या उचलून पाहिल्या, पोटदुखीचं विचारलं, जमिनीवर झोपली होती का विचारलं आणि म्हणाला, मण्यार. मण्यार रात्री घरात शिरते, झोपलेल्याला चावते, दंश इतका बारीक की बहुतेकांना कळतही नाही. तिचं विष मेंदूला झोपवत नाही. ते नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. माणूस बेशुद्ध दिसतो, पण आत जागा असतो. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून जीव जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून आपल्याकडं एकच प्रतिविष देतात. ते तिला दिलं. पण तिला वाचवलं ते मुख्यतः श्वासानं. पुढच्या दवाखान्यापर्यंत गाडीत एक कर्मचारी सारा वेळ हातानं फुगा दाबून तिला श्वास देत होता. नंतर व्हेंटिलेटर.

काही दिवसांनी ती घरी आली. मी भेटायला गेलो. तिनं चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, मी सगळं ऐकत होते.’ गाडीत बसलेल्या एकानं म्हटलं होतं, ‘संपली ही, आता नेऊन काय फायदा?’ ते तिनं ऐकलं. तिच्या दोन मुलांचं पुढं काय करायचं, याची चर्चा ऐकली. तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि पापणी हलत नव्हती.

म्हणून सांगतो, बेशुद्ध माणसाजवळ तो ऐकतोय असं समजूनच बोला. त्याला नावानं हाक मारा. ‘दवाखान्यात नेतोय, आम्ही आहोत’ असं सांगा. ऐकत नसेल तर आपलं काही जात नाही. ऐकत असेल तर त्या अंधारात त्याच्याकडं तेवढंच असतं.

आणखी एक गोष्ट, आपल्या घरांत हमखास होणारी. माणूस बेशुद्ध पडला की कुणीतरी धावत जमजमचं पाणी आणतं आणि चमच्यानं तोंडात सोडतं. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडं गंगाजल. भावना एकच, धोकाही एकच. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ते पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतं. जो मलेरियातून वाचला असता तो चमचाभर पाण्यानं जातो. जमजम पवित्र आहे, म्हणून त्याचा गुदमरवायला वापर होऊ देऊ नका. ओठ ओले करायचे तर भिजवलेल्या कापडानं करा. कलमा पढायचा तर जवळ बसून हळू आवाजात पढा, त्याला कुणाची हरकत नाही. पण तोंडात काहीही नाही. पाणी नाही, दूध नाही, गोळी नाही. झटका आला तर दातांत चमचा नाही, नाकाला चप्पल-कांदा नाही. पडून मार लागला नसेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर बाहेर येईल, जीभ मागं पडणार नाही. मान दुखावल्याची शंका असेल तर मात्र मान न वळवता, सरळ ठेवून न्या.

रमजानबद्दलही इथंच सांगून टाकतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे बरेच बुजुर्ग रोजे ठेवतात. असरनंतर ते गप्प होतात, घाम येतो, उलटसुलट बोलतात. घरचे म्हणतात, ‘रोजा लगा है, सोने दो.’ तो रोजा नसतो, साखर उतरलेली असते. शुद्धीत असतानाच दोन खजूर किंवा साखरपाणी दिलं तर माणूस दहा-पंधरा मिनिटांत सावरतो. झोपू दिला तर कदाचित उठणार नाही. जिवाला धोका असताना रोजा सोडायची मुभा शरीयतनं स्पष्ट दिलेली आहे. ती अल्लाहनं दिलेली सवलत आहे, ती नाकारण्यात मोठेपणा नाही.

फिकहमध्ये बेशुद्धीचा मसला आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही एका बुजुर्ग इमामसाहेबांनी सांगितलं. झोपेतला माणूस, अजाण लेकरू आणि ज्याची अक्कल हरपली तो, यांच्या नावे हिशेब लिहिला जात नाही, पैगंबरांच्या (स.) शिकवणीतला हा आशय आपण ऐकलेला असतो. पण बेशुद्ध माणसाच्या सुटलेल्या नमाजांचं काय? शुद्धीवर आल्यावर त्या कजा करायच्या का? हनफी फुकहा म्हणतात, बेशुद्धी एक दिवस-रात्रीपेक्षा जास्त टिकली तर कजा नाही, कमी असेल तर करावी. आपले कोकणातले भाऊ शाफई आहेत. त्यांच्याकडं ज्या नमाजेचा पूर्ण वक्त बेशुद्धीत गेला, तिची कजा नाही. हंबलींचं मत आणखी वेगळं, ते कजा करायला सांगतात.

मतभेद असू द्या. मला त्यातलं एक भावलं. शेकडो वर्षांपूर्वी ते आलिम बसून काय मोजत होते? बेशुद्धी कधी सुरू झाली आणि किती वेळ टिकली. तोच प्रश्न, जो मुलचेऱ्यातल्या त्या तरुण डॉक्टरनं विचारला. आणि त्याचं उत्तर खुद्द बेशुद्ध माणूस कधीच देऊ शकत नाही. ते शेजारी बसलेल्यानंच द्यायचं असतं. त्याच्यावरचा हिशेब उठला, पण तो हवेत विरला नाही. तो आपल्यावर आला. एखाद्याचा जीव वाचवण्यासाठी नमाज मध्येच तोडावी लागली तर ती तोडावी, असंही फुकहांनी सांगून ठेवलं आहे. याहून स्पष्ट काय सांगायचं?

यात दवाखान्यांचीही बाजू आहे. एका ठिकाणी मी पाहिलं, सोबत आलेल्या म्हाताऱ्या आईला ‘बाहेर थांबा, गर्दी करू नका’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. तिच्या सुनेनं शेतात फवारायचं औषध घेतलं होतं आणि ते फक्त त्या म्हातारीला माहीत होतं. पदराखाली बाटली होती. ती अर्धा तास बाहेर बसून होती, कारण तिला कुणी विचारलं नाही आणि ती मोठ्यांपुढं आपणहून बोलणाऱ्यांतली नव्हती. बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, तोंडाला फेस, घाम. डॉक्टरांनी ते ओळखलं म्हणून निभावलं. पण बाटली आधी हातात आली असती तर कोणतं विष आहे हे लगेच कळलं असतं. गर्दी आवरायलाच हवी. मात्र त्या गर्दीत एक माणूस असा असतो, ज्याच्याकडं रुग्णाची जबान असते. त्याला शोधून आत घ्यायला हवं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तर माडिया, बंगाली, तेलुगू जाणणारा एक माणूस प्रत्येक दवाखान्याच्या दारात असणं ही चैन नाही. ते सलाईनइतकंच गरजेचं आहे.

तोवर आपण काय करायचं? सोबत जाताना पाच गोष्टी तोंडपाठ ठेवा. शेवटचा नीट कधी बोलला. सुरुवात कशानं झाली: ताप, झटका, पडणं, उलटी, पोटदुखी, ऊन. आधीचे आजार आणि चालू गोळ्या. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. आजूबाजूला काय सापडलं: बाटली, रिकामी पाकिटं, साप, शेगडीचा धूर. आणि वाटेत त्याच्यात काय फरक पडला. घड्याळ नसेल तर कोंबडा, अजान, शाळेची घंटा चालेल. काही लपवू नका. दारू प्यायला असेल तर सांगा, विष घेतलं असेल तर सांगा. लपवलेली अब्रू माणूस गेल्यावर काय कामाची?

कोर्टात साक्ष द्यायची वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते. ही साक्ष मात्र बहुतेक प्रत्येकाला एकदा तरी द्यावी लागते, आईची, भावाची, शेजाऱ्याची, कधी रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाची. कुराणात गवाही लपवणं गुनाह ठरवलं आहे. मला वाटतं, त्यात ही गवाहीही येते. तो पडलेला माणूस त्या वेळी काहीच सांगू शकत नाही. आपण जे पाहिलं ते जसं पाहिलं तसं, लवकर आणि खरं सांगायचं, एवढंच त्याचं आपल्याकडं मागणं असतं.